त्यावर वेगळी मीटिंग

"काही अडचण?" प्रोजेक्टप्रमुख हेमलता किरकिरेंनी विचारलं.

"नाही मॅडम." टेबलाभोवतीच्या चौघांनी रोजच्यासारख्याच नकारार्थी माना हलवल्या.

सोमवारी रुग्णालयात बिलांची नवी प्रणाली सुरू करायची होती. तसा शब्द हेमलताबाईंनीच दिला होता. रोजच सगळं ठीक असतं, याचीच त्यांना अलीकडे धास्ती वाटायची. तेवढ्यात फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. बोलून परतल्या, तर बंद दारामागे कलकलाट.

"अरे, एकाच पेशंटची दोन बिलं निघतायत! सांग की त्यांना."

"तूच सांग ना, गुल्हाने! मागे मी तोंड उघडलं, तर त्यावर वेगळी मीटिंग लावली. मग त्या मीटिंगच्या तयारीची मीटिंग. काम काय घरी जाऊन करू?"

हशा पिकला. हेमलताबाईंचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. राग आला होता. पण कुणाचा, हे कळायला थोडा वेळ लागला.

त्या आत शिरल्या.

"दोन बिलं का निघतात?" खुर्ची ओढून बसत त्या म्हणाल्या. "मीटिंग लावणार नाही. आत्ता, इथेच बोला."

गुल्हानेने शेजारच्याकडे पाहिलं. "खरं सांगू, मॅडम? अजून पंधरवडा लागेल. तोही, आम्हाला सारखं कुणी बोलावलं नाही तर."

हेमलताबाईंनी तिथूनच रुग्णालयाला फोन लावला. "सोमवारी जमणार नाही. चूक माझी आहे."

पलीकडचा आवाज चढला, खोलीभर ऐकू येऊ लागला. फोन कानाला तसाच धरून त्यांनी चौघांना हातानेच खुणावलं, उठा, तुम्ही लागा कामाला.