सड्यावरची ओळख

सड्यावरची, त्या उघड्या कातळपठारावरची फुलं आता पावलं ओळखत. पर्यटकांनी तुडवून नास केल्यावर शास्त्रज्ञांनीच फुलांना ती अक्कल दिली होती. ओळखीचं पाऊल पडलं तर उमलायचं, परक्यापुढे मिटून बसायचं. जयवंती घाडी नवा गुडघा बसवून आज पहिल्यांदा वर आली, तर सीतेची आसवं, ती इवली निळी फुलं, मिटलेलीच.

"मेल्यांनो, चाळीस वर्षं राखलं तुम्हाला!"

"आई, तुमची चाल बदलली," सून शलाका म्हणाली. "नवी ओळख पटायला तीन पावसाळे लागतात."

"तेवढी थांबतेय कसली मी! तो भारा दे डोक्यावर."

वाटेकडेला कापलेल्या गवताचा भारा होता. जन्मभर ती असेच भारे वाहत या सड्यावरून चालली होती.

"डॉक्टरांनी ओझं..."

"तुझा डॉक्टर कधी चढलाय सडा?"

भारा डोक्यावर येताच मान ताठ झाली, कंबर जुन्या लयीत झुलली. चार पावलांवर एक निळा ठिपका उघडला. मग दुसरा. मग खाली दिसणाऱ्या समुद्रापर्यंत सगळा कातळ हळूहळू निळा होत गेला.

शलाकाने भाऱ्याकडे हात नेला. "आई, दमलात. उतरवू?"

"उतरवलास तर मिटतील," म्हातारी म्हणाली, आणि निळ्यातून चालतच राहिली.