पाचांतले दोन

शेंगांच्या पोत्यांमागे भाकरीचे तीन तुकडे ओळीनं पडले होते, वाळून कडक झालेले. अश्विनी ते उचलायला वाकली, तसा तिचा बाप भागुजी ओट्यावरून ओरडला, "ऱ्हाऊ दे पोरी! तुझ्या आईचा कारभार हाय त्यो. रोज सकाळी पाच तुकडं मांडती उंदरांला. मी उंदराचं औषध आनलं, तर ते उकिरड्यात पुरून आली. पोत्यांची चाळण झाली, पर हिला हाय का त्याचं काही!"

अश्विनीला हसू आलं नाही. पुण्यात ती ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथं आईच्या कॅन्सरच्या गाठीचे बारीक तुकडे पाच उंदरांच्या अंगात लावले होते. त्यांच्यात ती गाठ वाढली होती. नवं औषध आधी त्यांना द्यायचं, लागू पडलं तरच आईला. हे सगळं तिनंच आईला समजावून सांगितलं होतं, मोबाइलवर फोटोही दाखवला होता. त्या बिनकेसांच्या उंदरांकडे बघता बघता कुशाबाईचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला होता.

आज रविवार गाठून अश्विनी मुद्दाम गावी, मढला आली होती, चांगली बातमी तोंडानं सांगायला. कुशाबाई उन्हात बाजेवर बसली होती.

"आई, औषध लागू पडलं गं! दोघांच्या अंगातली गाठ पार विरघळली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात तुलाही सुरू करू."

"आन् तिघं गेलं," कुशाबाई म्हणाली. "मंगळवारी."

 तीन उंदरांना औषधाचा मोठा डोस सोसला नव्हता, मंगळवारीच मेले होते ते. पण ही गोष्ट तिनं घरात कुणाच्याही कानावर घातली नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? मंगळवारपास्नं तीन तुकडं तसंच ऱ्हात्यात. पोत्यांमागं उंदरं लई, पर खाल्लं जात्यात ते दोनच."

भागुजी आत चहा टाकायला गेला होता. भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"उरल्यात त्या दोघांचं आता काय करनार?" कुशाबाईनं विचारलं.

पाळणार, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण आईपुढं खोटं बोलणं अश्विनीला लहानपणीही कधी जमलं नव्हतं.

"त्यांना ठेवता येत नाही, आई. गाठ मुळातून गेली का, ते आतून बघावं लागतं."

"मारून?"

"हो."

"कोन मारतं?"

"मीच."

कुशाबाईनं लेकीचा हात मांडीवर ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून चाचपली. अश्विनीला रडू फुटायच्या बेतात होतं. हे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगावं, नाहीतर नोकरीच सोडावी, असं काहीबाही तिच्या मनात येऊ लागलं.

"मंग बरंय," कुशाबाई म्हणाली. "तुझा हात हलका हाय. आमाला तरास न्हाई व्हायचा. कधी हाय ते?"

"उद्या. दहाला."

कुशाबाईनं मान हलवली आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "अवं, उद्या पानी जरा लवकर तापवा. धाच्या आत माझी आंगूळ उरकाया पायजे."