लाखेवरची मासोळी

रिठ्याच्या फेसातून लॉकेट वर आलं आणि कांताबाईच्या हातातला ब्रश जागीच थांबला. चांदीच्या गोल मोहरेत एक मासोळी उमटली होती. तिच्या शेपटीचं डावं टोक झिजलेलं होतं.

पुसदच्या त्या दुकानामागच्या खोलीत निकिता जुन्या लाखेच्या मोहरांवरून चांदीचे दागिने घडवायची. कुणाच्या मृत्युपत्रावरची लाख, कुणाच्या पार्सलावरची. लोक डबीत कापूस घालून जपून पाठवत. निकिता त्यावरून साचा काढायची, चांदी ओतायची, आणि कांताबाई तो नग रिठ्याच्या पाण्यात घासून उजळवायची. हिवाळ्याच्या दुपारी खिडकीतलं ऊन घमेल्यात उतरायचं, फेस हलायचा, आणि त्यात हात घालून बसलं की आपण जागे आहोत की पेंगतोय तेच तिला उमजायचं नाही.

आजही आधी तसंच वाटलं. पण बोटं काही पेंगत नव्हती. बोटांनी मासोळी बरोब्बर ओळखली. ती तिच्याच पायाच्या बोटातली होती.

बत्तीस वर्षं झाली त्याला. धाकटी बहीण रुखमा एका ट्रकवाल्यासोबत पळून जाणार होती, आणि कोणत्या एसटीनं ते बापाला सांगणारी कांताबाईच. बापानं भर स्टँडवर रुखमाच्या थोबाडीत दिली. रुखमानं बापाकडे पाहिलंच नाही, हिच्याकडे पाहिलं, आणि तरी गेली. वर्षभरानं तिला लेक झाल्याचं कळलं, पत्ताही मिळाला. कांताबाईनं एक टोपडं शिवलं, 'माह्यं चुकलं' एवढी चिठ्ठी त्यात घातली आणि चोरून पोस्ट गाठलं. पोस्टातले म्हणाले, लाखेवर स्वतःचा काहीतरी ठसा पाहिजे, नाणं चालत नाही. गरिबाघरी मोहर कुठली असायला? सवाष्णीनं काढू नये म्हणतात, तरी तिनं पायातली मासोळी काढली आणि सुतळीच्या गाठीवरच्या ऊन लाखेत दाबली.

'उत्तर धाडू नको, घरात तुह्यं नाव चालत नाही,' हेही चिठ्ठीत तिनंच लिहिलं होतं. पुढं घरातला राग निवला, तोवर रुखमा कुठल्या गावी गेली ते कुणालाच ठाव नव्हतं. तिनं ती चिठ्ठी वाचली की पार्सल तसंच कोपऱ्यात टाकलं, हे कांताबाईला कधी कळलं नाही. रोज एकदा तरी ते मनात यायचंच.

"कोनाचं हाय हे?" तिनं विचारलं.

"सुरतच्या एका ताईचं," निकिता मान वर न करता म्हणाली. "तिच्या आईनं लाख जपून ठेवली होती. पुसदून आलती म्हने, म्हनून पुसदलेच बनवून पाह्यजे."

कांताबाईनं लॉकेट उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं. मोहर गोल होती, अखंड होती. कुठं साधी चीरसुद्धा नव्हती. आणि लाख तर गाठीवर होती. ती फुटल्याशिवाय पार्सल उघडणारच नव्हतं. म्हणजे रुखमानं ते जपलं, पण उघडलं नाही; लाख आता लेकीनंच सुतळीसकट कापून धाडली असणार. माफी सुतळीत बांधली ती बांधलेलीच राहिली. कांताबाईला इतकं वाईट वाटलं की तिनं लॉकेट पुन्हा फेसात बुडवलं, डोळ्यांसमोर नको म्हणून.

"मावशी, ते हळू घासा बरं," निकिता म्हणाली. "लय जीव खाल्ला त्यानं माह्या. लाखेचे पाच तुकडे आलते, एकेक जोडून मंग साचा काढला मी. अन् दाताचे वण त्याच्यावर. कैची शोधाचाबी दम निघाला नाही वाटते तिच्या आईले."