गालाचं हाड

डॉक्टर शुभांगीनं एक्स-रे उजेडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"मावशी, आजचा मार किरकोळ आहे. सूज उतरेल दोन-चार दिवसांत. पण हे डाव्या गालाचं हाड पूर्वी कधीतरी मोडलंय. वाकडं जुळलंय. काय झालं होतं?"

"जिन्यावरून पडले होते," बिलकिस म्हणाली. चाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती.

"आणि आज?"

"मोरीत घसरले. नळ लागला."

डॉक्टरनं शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

खाजा निमूटपणे बाहेर गेला. डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. "जिन्यावरून पडले म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात, मावशी. खरं सांगा. काका मारतात?"

बिलकिसला आधी हसूच आलं. मग दाराच्या काचेतून तिला खाजा दिसला. तिची पिशवी छातीशी धरून उभा. ही एकदा पडली होती म्हणून लग्नापासून प्रत्येक जिन्यावर तिचा हात धरत आलेला माणूस. तिचं हसू विरलं.

"ललितानं मारलं," ती म्हणाली. "बोलवा त्यांना आत. त्यांच्यासमोरच सांगते."

मग तिनं सगळं सांगितलं. देवळाली कॅम्पात शाळेमागच्या खडबडीत मैदानावर ती हॉकी खेळायची. राइट आउट, उजव्या कडेची आघाडी. घरी कुणाला पत्ता नव्हता. स्टिक मैत्रिणीच्या, ललिताच्या घरी पलंगाखाली असायची. आंतरशालेय फायनलची शेवटची दोन मिनिटं, शॉर्ट कॉर्नर मिळालेला, गोलवर मारायची हुकमी संधी. ललितानं सणसणीत मारलेला चेंडू खड्यावरून उसळला आणि गोलसमोर उभ्या बिलकिसच्या गालावर बसला.

"आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. ललिता इतकी रडली, की मलाच तिची समजूत काढावी लागली. अब्बांना कळलं असतं तर खेळ बंद. म्हणून तिच्या आईनं हळद लावेपर्यंत आम्ही दोघींनी जिना ठरवून टाकला."

महिन्याभरात ती परत मैदानात उतरली होती. पुढे दोन वर्षं खेळली. लग्न ठरेपर्यंत.

सांगताना तिचे हात मांडीवर हलत होते, एक वर, एक खाली, स्टिक धरल्यासारखे. डॉक्टरनं पेन कधीच खाली ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" खाजानं विचारलं.

"आधी भीती वाटली. मग तुम्ही हात धरायला लागलात."

खाजानं हातातली पिशवी खाली ठेवली. "मग? गोल झाला का?"

"चेंडू गेला की आत! गालाला लागून सरळ आत. पण पंचांनी दिला नाही. अंगाला लागला म्हणे." बिलकिसचा आवाज एकदम चढला. "एका गोलनं हरलो आम्ही."

खाजाला हॉकीतलं काही कळत नव्हतं. तो डॉक्टरकडे वळला.

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. गोलच होता ना तो?"