बिनभिंतींचं घर

"ह्येला म्हणायचं सेट! एकेक वीट मोजून फोडलीया," विठूमिस्त्री पुटपुटले. कोल्हापुरात चाळीस वर्षं सिनेमाचे सेट बांधलेले मिस्त्री फिल्म क्लबातही माणसांआधी भिंती बघत.

पडद्यावर एक जुना जर्मन प्रेमविनोदी सिनेमा चालला होता, कुणी नावही न ऐकलेला. नायिकेचं घर पार ढासळलेलं. उभं होतं फक्त दार. नायक पडक्या भिंतीवरून सहज आत आला असता, पण तिने त्याला अडवलं, किल्लीने दार उघडलं आणि दटावलं. शेजारी बसून संवाद मराठीत सांगणाऱ्या सुनेत्राबाई म्हणाल्या, "म्हणतेय, पाय पुसून ये."

मिस्त्री पोट धरून हसले. "बाई, कुणी बांधला हो ह्यो सेट? पाया पडायला पायजे त्येच्या."

"सेट नाही तो, मिस्त्री. युद्धात बॉम्ब पडून त्यांचं गावच तसं झालं होतं. तिथंच शूटिंग केलंय, चार वर्षांनी."

मिस्त्रींचं हसू ओठांवरच राहिलं. पडकं घर त्यांनी मागेल त्याला बांधून दिलं होतं. पण खरोखरच्या पडझडीत उभं राहून लोकांना हसवायचं, हे काम त्यांच्याच्यानं झालं नसतं.

सिनेमा संपल्यावर त्यांनी तेवढाच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. किल्ली फिरली, दार उघडलं, तिने दटावलं. सगळे पुन्हा हसले.

मिस्त्रींनी वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि खुर्चीखाली सरकवल्या.