दोन बाजार मागे

यंत्राने सांगितलेला वार होता उणे तीन.

सुटीत गावी आलेल्या जानकीने मुंबईच्या गणकयंत्र केंद्रातल्या साहेबांचे पत्र तिसऱ्यांदा वाचले. सोमवार म्हणजे शून्य, मंगळवार म्हणजे एक, असे सात वार. पुढची कुठलीही तारीख द्या, मधल्या दिवसांना सातांनी भागून गणकयंत्र बाकी काढी आणि वार अचूक सांगे. पण सोमवारच्या दहा दिवस आधीचा वार विचारला तर उत्तर उणे तीन! असला वार कुठल्या पंचांगात असतो?

भागाकार जानकीने लिहिलेला होता. त्या केंद्रात कुणालाही उचलून वापरता येतील असे तयार हिशेब एकत्र ठेवत, आणि त्यात हा तिच्या नावाने जायचा होता. पत्राची शेवटची ओळ टोचरी होती. सोमवारच्या टपालाने दुरुस्ती निघाली नाही, तर काम दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही कार्डांना भोके पाडायच्या खोलीत जा, तिथे मुली कमीच आहेत.

आज सोमवार. मालवणच्या आठवडी बाजाराचा दिवस. टपालाची थैली दुपारच्या एस.टी.ने जायची होती. मागच्या तारखांसाठी जानकीने एक वेगळीच वाट काढली होती. ती वाढत वाढत चार पाने झाली होती आणि सातांऐवजी बारांनी भागले की कोसळत होती.

तेवढ्यात शेजारची रुक्मिणीकाकी बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन घरापुढच्या खळ्यात उभी राहिली.

"सुभद्रा गो, कोंबी अंड्यांवर बसयलंय, आज धा दीस झाले. वार काय तो आठवना नाय. पिलां कधी येतली?"

जानकीची आई बांगडे साफ करीत होती. तिला अक्षरओळख नव्हती. हातही थांबला नाही. "तीन आठवडे लागतत. ज्या वारी बसयलंस, त्याच वारी पिलां."

"अगो, तो वारच तर इचारतंय!"

"आज सोमार. दोन बाजार मागे जा आनि चार दीस फुडे ये. मंगळार, बुधवार, बेस्तरवार, शुक्रार. शुक्रारी बसयलंस."

जानकीने मान वर केली. "आये, धा दीस मागे जावचा, तर तू चवदा कित्याक जातंस?"

"मगे काय मधीच रवू? एक बाजार मागे गेलंय तरी तीन दीस उरतत. ते काय उलटे मोजू? वार उलटे चलनत नाय, बाय. जरा जास्त मागे जावचा, बाजार गाठूचो, आनि थयसून सरळ चलत येवचा."

"ह्या चेडू मुंबैक जावन शिकला काय गो मगे?" रुक्मिणीकाकी म्हणाली.

"माका काय म्हायत? चार दीस झाले, नुसते कागद काळे करता."

जानकीला यातले काही ऐकू आले नाही. तिने चारही पानांवर काट मारली आणि खाली लिहिले: बाकी उणे आली, तर भागाकारातून एक वजा कर आणि बाकीत भाजक मिळव.

भागाकार उणे एकाचा उणे दोन झाला. उणे तीनांत सात मिळवले, चार आले. चार म्हणजे शुक्रवार.

तिने बारांनी करून पाहिले, पाचांनी करून पाहिले. उणी बाकी कुठे उरलीच नाही.

ती अनवाणीच धावली. बाजारातल्या पाट्या चुकवीत पोस्टात पोचली, तेव्हा भिकाजी पोस्टमास्तर थैलीला गाठ मारीत होते.

"उशीर झाला, बाई. आता उद्या."

"गाठ सोडा, मास्तर. दोनच ओळींचं वजन आहे."

त्यांनी तिच्या धुळीने माखलेल्या पावलांकडे पाहिले आणि गाठ सोडली.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तार घेऊन मास्तर स्वतःच आले. खळ्यात पाय ठेवण्याआधीच त्यांनी मोठ्याने वाचली: "सर्व तारखा बरोबर. भागाकार तुमच्या नावाने दाखल."

"म्हंजे काय झाला?" आईने विचारले.

"यंत्र दोन बाजार मागे गेला, आये. आनि चार दीस फुडे इला."

"मगे? दुसऱ्या कुठल्या वाटेन जातला?"

इतक्यात कुंपणापलीकडून रुक्मिणीकाकी पदराची ओटी सांभाळीत ओरडत आली. "अकरा गो, सुभद्रा, अकरा! आजच, शुक्रारीच!"

आईने हात पुसले. ओटीतले एक पिल्लू उचलून तिने लेकीच्या तळहातावर, त्या तारेच्या कागदावर ठेवले. ते डळमळले, मग पायांवर उभे राहिले.

"बारा म्हण," ती रुक्मिणीला म्हणाली. "एक मुंबैत भायर इला."