जिन्याचं वळण

मी दागिने घडवतो आणि त्याहून जास्त बोलतो. आमच्या वाचनालयाचा दगडी जिना मधेच किंचित डावीकडे झुकतो. ते वळण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अगदी भरून आलं, आणि घरी येऊन मी तस्साच झुकणारा चांदीचा हार घडवला. बायको म्हणाली, "मला बघून कधी भरून आलं नाही ते तुम्हाला!"

प्रदर्शनात मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होतो, "या वळणात वास्तुकारानं काळजातलं दुःख ओतलंय. दगड बोलतो हो, ऐकणारा हवा." पांढऱ्या केसांच्या एक बाई मात्र जागच्या हलेनात. मला वाटलं, हार खपला. मी आणखीच रंगात आलो.

"ते वाचनालय मीच उभारलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "दुःखबिःख काही नव्हतं. माझं माप चुकलं होतं."

आजूबाजूचे दोघेतिघे तोंड फिरवून हसले. मी मुकाट्यानं हार उचलून डबीत ठेवायला लागलो, तर बाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या. लोक हसतील म्हणून मी उद्घाटनालाही गेले नाही. त्यानंतर तिथे पाऊलच ठेवलं नाही."

मग त्यांनी हार गळ्यात घातला आणि आरशात बराच वेळ पाहत राहिल्या.



"वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं हो?"